पहिल्या घोटाच्या कितीतरी आधी

सहावीच्या वर्गात एकदा मी फळ्यावर दहा शब्द लिहिले आणि मुलांना त्यांचा वाक्यात उपयोग करायला सांगितला. त्यात ‘सरकारमान्य’ हा शब्द होता. मुलं सरकारमान्य शाळा लिहितील, परीक्षा लिहितील, फार तर ग्रंथालय, अशी माझी समजूत. वह्या तपासायला घेतल्या, तर निम्म्याहून अधिक मुलांनी ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ असं लिहिलेलं. त्यात खोडसाळपणा नव्हता. एसटी स्टँडवरून शाळेकडे येताना हा शब्द त्यांना रोज, ठळक अक्षरांत, त्या एकाच पाटीवर दिसायचा. तिथूनच त्यांनी तो उचलला होता. एका मुलीचं वाक्य होतं, ‘माझे बाबा सरकारमान्य दुकानात जातात.’ व्याकरणात चूक नव्हती. मी बरोबरची खूण केली आणि वही मिटली. त्या खुणेचं ओझं अजून उतरलेलं नाही.

त्या वर्गातल्या कुणी तोवर दारूचा थेंबही चाखला नसेल. पण दारूविषयीचं त्यांचं मत मात्र बनायला लागलं होतं, आणि ते बनवण्यात घरच्यांइतकाच त्या पाटीचाही हात होता.

मुलगा प्यायला लागला की आपण म्हणतो, संगतीने बिघडला. संगत म्हणजे आपल्या लेखी कट्ट्यावरची चार पोरं. मला वाटतं, ही संगत त्या चार पोरांच्या कितीतरी आधी सुरू होते. चौकातली पाटी, घरात कानावर पडणारे शब्द, मामाच्या लग्नातली हळद, मोबाइलवर येणारे विनोद, क्रिकेटच्या मधे दिसणारा सोडा, ही सगळी संगतच आहे. ढवळ्याशेजारी पवळा बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, हे आपल्याला बैलांच्या बाबतीत पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. पोरं कुठल्या दावणीला बांधली आहेत, हे मात्र आपण पाहत नाही. आणि या सगळ्या संगतीची शिकवण एकच असते, की मोठी झालेली माणसं पितातच. ही शिकवण खोटी आहे.

आधी शब्दांकडे पाहू, कारण मुलांच्या कानावर ते सगळ्यात आधी पडतात. मराठीत ‘बसणे’ हे किती साधं क्रियापद. देवघरात बसतो, पंगतीत बसतो, अभ्यासाला बसतो. पण शनिवारी संध्याकाळी फोनवर ‘आज बसायचं का?’ असं कुणी विचारलं, की समोर गृहपाठ करत असलेल्या आठ वर्षांच्या मुलालाही त्याचा अर्थ कळतो. ‘तुम्ही घेता का?’ या प्रश्नाला कर्म लागत नाही. दारूचं नाव न घेता दारूबद्दल बोलण्याची इतकी सोय आपण करून ठेवली आहे, की तिच्याशी जोडलेलं सगळं वाईट त्या गाळलेल्या नावाबरोबर गळून जातं. उरतो तो मित्रांचा सहवास, शेंगदाण्याचा चखणा आणि गप्पा.

ही सोय सगळ्यांना सारखी नाही. साहेब ‘घेतात’, गवंडी ‘ढोसतो’. डॉक्टरांचं ‘ड्रिंक’ होतं, हमालाची ‘दारू’ होते. एक ‘सोशल’ असतो, दुसरा ‘बेवडा’ असतो. यकृताला हा फरक कळत नाही, पण मुलाला कळतो. पिण्याने माणूस वाया जात नाही, स्वस्तातली पिण्याने जातो, असा धडा तो घेतो. मग दारू हे गरिबीतून वर आल्याचं चिन्ह होतं. पहिल्या पगारावर पेढ्यांऐवजी ‘पार्टी’ मागितली जाते ती याच समजुतीतून.

राम गणेश गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’ लिहिलं ते दारूने होणारा सर्वनाश दाखवण्यासाठी. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या नाटकात सुधाकराच्या हाती पहिला प्याला देतो तो तळीराम. आज सुधाकर आणि सिंधू नाटकवाल्यांच्या आठवणीत आहेत. रोजच्या भाषेत मात्र एकटा तळीराम शिल्लक राहिला, तोही खोडकर, लाडका होऊन. वर्तमानपत्रांत मथळे येतात, ‘तळीरामांसाठी खुशखबर’, ‘तळीरामांची पंचाईत’. ज्याच्यामुळे एक घर मोडलं त्याचं नाव आपण गमतीचं विशेषण करून टाकलं. आषाढ अमावास्येचंही तसंच झालं. माझ्या आजीच्या घरी त्या दिवशी समया, निरांजनं, कंदील घासूनपुसून पाटावर मांडले जायचे, कणकेचे गोड दिवे व्हायचे. वर्गात आज ‘दीप अमावास्या’ म्हटलं तर दोन-तीन हात वर होतात. ‘गटारी’ म्हटलं तर सगळा वर्ग हसतो. हसण्यासाठी त्यातलं कुणी प्यायलेलं असावं लागत नाही.

आता पाट्या. ‘परमिट रूम’ हा शब्द आपण इतक्या वेळा वाचतो की त्यात परमिट आहे, हे ध्यानातच येत नाही. महाराष्ट्रात दारूचा सगळा कारभार चालतो तो १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. कायद्याचं नाव आजही दारूबंदीचंच आहे, आणि पिणाऱ्याकडे परवाना असावा अशी त्यात तरतूद आहे. या व्यवस्थेतला परवाना दिला जातो तो आरोग्य राखण्यासाठी विदेशी मद्याची गरज आहे, अशा शब्दांत. बाटलीवर २०१९ पासून ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक’ अशा आशयाचा इशारा छापावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दारूला कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि दारूचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही हे संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा स्पष्टपणे सांगितलं. कागदावर आरोग्यासाठी, बाटलीवर आरोग्याला घातक. यातलं एकही मूल वाचत नाही. मूल वाचतं ती रात्री निळ्या-लाल दिव्यांनी लखलखणारी पाटी. तालुक्याच्या गावात संध्याकाळी वाचनालयाचा दिवा मिणमिणत असतो आणि बिअर शॉपीसमोर जत्रेसारखा उजेड असतो. कुठली जागा आनंदाची, हे तिथे वेगळं सांगावं लागत नाही.

शाळेपासून, देवळापासून दुकान किती मीटर दूर असावं याचे नियम आहेत. फीत लावून अंतर मोजलं जातं. पण दुकान दिसतं कुठून, पाटी वाचता येते कुठून, मुलांची रोजची वाट कुठून जाते, हे मोजलं जात नाही. कायद्याला नजरेचं महत्त्व कळत नाही असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत असा निकाल दिला, तेव्हा दुकान महामार्गावरून दिसताही कामा नये आणि दारू कुठे मिळते हे सांगणाऱ्या पाट्याही काढून टाकाव्यात, असं त्यात बजावलं होतं. पाटी दिसली की गाडी थांबते, हे देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने ओळखलं. पुढे लहान वस्त्यांसाठी अंतर कमी झालं, जुलै २०१७ मध्ये शहरांच्या हद्दीतले रस्ते वगळले गेले, आणि बरंच काही पूर्वीसारखं झालं. माझा प्रश्न एवढाच आहे, की गाडी चालवणाऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेची जी काळजी त्या निकालात घेतली, ती दप्तर घेऊन चालणाऱ्या मुलाच्या नजरेची कधी घेणार?

दारूच्या जाहिरातींना टीव्हीवर २००० पासून बंदी आहे, आडून केलेल्या जाहिरातींनाही. तरी व्हिस्कीचं नाव प्रत्येक घरात ठाऊक आहे. तेच नाव, तीच अक्षरं, तेच रंग सोड्यावर येतात, पाण्याच्या बाटलीवर येतात. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा बंगळूरच्या संघाचं नावच मालकाच्या व्हिस्कीच्या नावावरून ठेवलं गेलं. माझ्या वर्गातली मुलं त्या संघासाठी जीव टाकतात, त्याचा शर्ट घालून शाळेच्या सहलीला येतात. त्यांना त्या नावामागची बाटली माहीत नसेल, पण पुढे कधीतरी ती समोर येईल तेव्हा ते नाव त्यांच्या ओळखीचं असेल, आवडीचं असेल. जाहिरातीला एवढंच हवं असतं. पंधरा-वीस वर्षं थांबायची तिची तयारी असते.

सरकारही या शिकवणीत सामील आहे, आणि हे लिहिताना मला वेदना होतात, कारण मी आयुष्यभर सरकारी अनुदानावरच्या शाळेत शिकवलं. ४ मे २०२० हा दिवस आठवा. टाळेबंदीत शाळा बंद, देवळं बंद, माणूस गेला तर मातीला जायलाही मोजकीच माणसं. त्या दिवशी दारूची दुकानं उघडली आणि त्यांच्यासमोर लागलेल्या रांगा टीव्हीने दिवसभर दाखवल्या. घरात कोंडलेल्या मुलांनी त्या पाहिल्या. कशावाचून आपलं चालतं आणि कशावाचून चालत नाही, हे त्यांना एका दिवसात समजलं. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने किराणा-सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी देण्याचं ठरवलं. मोठा विरोध झाला आणि ते प्रत्यक्षात आलं नाही. द्राक्ष उत्पादकांचं भलं होईल, हा त्यामागचा युक्तिवाद मी समजू शकतो. नाशिककडच्या शेतकऱ्याचे हाल खोटे नाहीत. पण तेल-साबणाच्या शेजारी ठेवलेली वस्तू रोजच्या गरजेची वाटायला लागते, हेही तितकंच खरं आहे. त्याच महिन्यात सरकारने दारूच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायला मनाई केली. चांगलं केलं. नावाने काय होतं, हे सरकारला कळतं असा त्याचा अर्थ. मग जून २०२५ मध्ये महसूल वाढवण्यासाठी धान्यापासूनच्या दारूचा नवा प्रकार आणला, तेव्हा त्याचं नाव ‘महाराष्ट्र मेड लिकर’ कसं ठेवलं गेलं? दुकानाला किल्ल्याचं नाव चालत नाही आणि बाटलीला राज्याचं चालतं, हे मी मुलांना कसं समजावून सांगू? त्या वेळच्या करवाढीतून आणि फेरबदलांतून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जास्त मिळतील असा अंदाज सांगितला गेला. दारू महाग होणं आरोग्याच्या दृष्टीने चांगलंच. पण तिजोरी जिच्यावर अवलंबून राहते तिच्याविरुद्ध सरकार मनापासून कसं बोलेल, ही माझी शंका आहे.

‘सगळे पितात’ ही शिकवण खोटी आहे असं मी वर म्हटलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी देशभरात सुमारे १९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे १४ टक्के पुरुष दारू पीत असल्याचं आढळलं. स्त्रियांमध्ये महाराष्ट्रात हे प्रमाण अर्धा टक्काही भरत नाही. सर्वेक्षणात माणसं पिणं लपवतात, हे मान्य. महाराष्ट्राचा आकडा दुप्पट धरा. तरी दहातले सात पुरुष न पिणारे निघतात. हे मी शिक्षकांच्या एका शिबिरात सांगितलं तेव्हा कुणालाच खरं वाटेना. बहुतेकांचा अंदाज साठ-सत्तर टक्क्यांच्या पुढे होता. मला या विषयातली सगळ्यात मोठी हानी हीच वाटते. पिणारा दिसतो, ऐकू येतो, त्याच्यासाठी टेबल असतं, गाणं असतं, विनोद असतात. न पिणारा कोपऱ्यात थम्सअप घेऊन उभा असतो आणि आपण एकटेच असे आहोत असं समजतो. त्या खोलीत त्याच्यासारखे आणखी दहा जण असतात, आणि त्यातला प्रत्येक जण तेच समजत असतो. त्यातले दोघं ‘बरं दिसत नाही’ म्हणून ग्लास हातात घेतात. पहिला घोट बहुतेकांनी असाच घेतलेला असतो, दारूच्या ओढीने क्वचितच.

आपल्या समाजाचं यातलं वागणं मला फार लागतं. मुलगी द्यायची वेळ आली की आपण ‘निर्व्यसनी’ मुलगा शोधतो. मध्यस्थ छातीवर हात ठेवून सांगतो, ‘सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही हो.’ बैठकीतले सगळे समाधानाने माना डोलावतात. आणि त्याच मुलाला, त्याच बैठकीतली माणसं, हळदीच्या रात्री म्हणतात, ‘अरे, आज तरी! बाईमाणसासारखं काय करतोस?’ कायद्याने आपल्या राज्यात व्हिस्की-रमसाठी पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. हळदीच्या मांडवात कुणी वय विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि त्या वाक्यात बाईचा जो अपमान आहे, तोही त्या रात्री पोरं शिकतात. घरी परतल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे गावातल्या बायकांना विचारा.

नाही म्हणणाऱ्याला मान देणारी एक व्यवस्था मात्र आपल्याकडे शेकडो वर्षं टिकून आहे, आणि तिच्याकडे आपण पुरेसं पाहिलेलं नाही. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाला ‘आज तरी घे’ असं कुणी म्हणत नाही. ‘माळकरी आहेत ते’ एवढं म्हटलं की आग्रह संपतो, उलट बाटली जरा आडोशाला जाते. आमच्या भागात दारू सुटलेल्या कित्येकांची गोष्ट ‘माळ घातली आणि सुटली’ इतकीच असते. औषधाचं काम माळेने केलं असं मी म्हणत नाही. पण माळेबरोबर वेगळी माणसं मिळतात, मंगळवार-शनिवारचं भजन मिळतं, वारीची वाट मिळते, एकादशी मिळते. संध्याकाळी सात वाजता कुठे जायचं, या प्रश्नाला उत्तर मिळतं. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणसारखी संस्था लोकांना व्यसनातून बाहेर काढते आहे. पण तिथून बरा होऊन आलेला माणूस उतरतो त्याच स्टँडवर, त्याच पाटीसमोर, आणि त्याला हाक मारतात ती तीच माणसं. पुन्हा प्यायला लागला की आपण म्हणतो, त्याची इच्छाशक्तीच कमी. त्याच्या सभोवतालाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

‘मग काय, सगळीकडे दारूबंदी करायची?’ असं मला विचारतात. नुसत्या बंदीवर माझा विश्वास नाही. चंद्रपूर जिल्ह्यात बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून १ एप्रिल २०१५ पासून बंदी आणली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली, कारण दिलं चोरट्या दारूचं आणि वाढत्या गुन्ह्यांचं. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी टिकून आहे. तिथेही चोरून दारू येतेच. पण तिथे कायद्याच्या आधी आणि नंतरही गावागावांत बैठका झाल्या, गावांनी स्वतःचे नियम केले, अभय आणि राणी बंग यांच्यासारखी माणसं तीस-पस्तीस वर्षं त्या कामाला धरून राहिली. गावाचं मत आणि कायदा एका बाजूला असले, तरच काही हाती लागतं.

‘प्रौढ माणसाने काय प्यावं हा त्याचा प्रश्न’ हे म्हणणंही मी मानतो. पण निवड स्वतंत्र असायची तर ती मोकळ्या मनाने झाली पाहिजे. दहा-पंधरा वर्षं एकच बाजू कानावर घालायची आणि मग ‘तुझं तू ठरव’ म्हणायचं, याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. सिगारेटच्या बाबतीत आपण हे बदललेलं पाहिलं आहे. माझ्या लहानपणी लग्नात पानसुपारीच्या तबकात सिगारेटी असायच्या, एसटीत शेजारचा माणूस खिडकीत बसून विडी ओढायचा. २००३ चा कायदा आला, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई झाली, पुढे पाकिटाच्या ८५ टक्के जागेवर इशारा आला. आज पाहुण्यासमोर सिगारेटचं तबक धरायचं कुणाच्या मनातही येणार नाही. सिगारेट विकत मिळते, ज्याला ओढायची तो ओढतो. ती आता पाहुणचाराचा भाग राहिलेली नाही. दारूच्या बाबतीत मला एवढंच हवं आहे: पाटी लहान आणि साधी, दुकान मुलांच्या वाटेवरून न दिसणारं, सोड्याच्या आडून चाललेली जाहिरात खरोखर बंद, आणि बाटलीवरचा इशारा वाचता येईल एवढा मोठा.

आणि ‘आडव्या बाटली’चा नियम बदललेला हवा. गावातल्या किंवा वॉर्डातल्या बायकांनी मागणी केली की मतदान घेता येतं. दुकान चालू ठेवायचं तर उभी बाटली, बंद करायचं तर आडवी. पण दुकान बंद होण्यासाठी मतदान करणाऱ्या बायकांचं बहुमत पुरत नाही, यादीत नाव असलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. ऊसतोडीला गेलेली, माहेरी बाळंतपणाला गेलेली, नाव न काढल्यामुळे यादीत उरलेली मृत म्हातारी, या सगळ्या जणी आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. आमदार-खासदार निवडताना अशी अट नाही. झालेल्या मतांतल्या जास्त मतांनी आपण माणूस निवडतो. मग जिच्या घरात रोज रात्री भांडी फुटतात, तिच्याकडूनच एवढं जास्तीचं का मागायचं?

गेल्या वैशाखात पुतण्याची हळद होती. मांडवाच्या मागे नेहमीप्रमाणे ‘बसायची’ सोय होती, ती मला थांबवता आली नाही. मी पुढे दिव्याखाली सतरंजी टाकून घेतली, जेवणाचं ताट घेतलं आणि एकटाच बसलो. थोड्या वेळाने इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा मागून पुढे आला. हातात रिकामा प्लास्टिकचा ग्लास होता, तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

‘काका, इथं बसू का?’

‘बस की.’

अर्ध्या तासात त्या सतरंजीवर जागा उरली नाही. दुसरी आणायला मी त्यालाच आत पाठवलं.